बकुळीची फुले आणि तीनास एक

आपल्या शाळेच्या पटांगणातील बकुळ २०२२ च्या जून महिन्यात, पहिल्याच वादळात मुळासकट आडवी झाली, हे याच पत्रकातून आपणांस कळवले होते. पुढच्या आठवड्यात आपल्या एक निवृत्त शिक्षिका रिक्षाने शाळेत आल्या आणि त्यांनी आमच्या टेबलावर एक पितळेचा डबा ठेवला. शेवटच्या दोन-तीन हंगामांत त्या झाडाखालून वेचून वाळवलेली फुले त्यात होती. “याचे काय करायचे ते तुम्ही ठरवा. माझ्याकडे राहिली तर माझ्यामागे कुणी केरात टाकील,” एवढे बोलून त्या चहा न घेताच गेल्या.

मुलींनी फुले मोजली तेव्हा ३१२ भरली. जानेवारी २०२४ मध्ये माजी विद्यार्थ्यांचे संमेलन व्हायचे होते. आलेल्यांना शाल-श्रीफळ देण्यापेक्षा त्याच झाडाची फुले काचेसारख्या पारदर्शक चकतीत बसवून द्यावीत, टेबलावर कागद दाबायला उपयोगी पडतील, असे आम्ही ठरवले. एका चकतीत पाच फुले, एकूण ६० चकत्या. हिशेब अगदी चोख. येथे ‘आम्ही’ म्हणजे हस्तकलेच्या बाई, प्रयोगशाळेचे सहायक आणि हे लिहिणारे मुख्याध्यापक असे तिघे. संमेलनानंतर पुष्कळ पालकांनी ‘हे कसे केले, घरी जमेल का?’ असे विचारले. जमेल. पण ६० पैकी ४० चकत्याच का झाल्या आणि त्यातही प्रत्येकीत तीनच फुले का, हे आधी वाचावे.

एपॉक्सी रेझिन ‘वाळत’ नाही, ही पहिली गोष्ट. फेव्हिकॉल वाळतो, कारण त्यातले पाणी उडून जाते. एपॉक्सीतून काही उडून जायचे नसते. त्याच्या दोन बाटल्या असतात. एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन्ही एकत्र आले की त्यांचे रेणू एकमेकांना धरतात आणि सगळ्यांची मिळून एक घट्ट जाळी होते. फुगडीसारखेच आहे म्हणा ना. फुगडीला जोडीदार लागतो. मुली जास्त आल्या की उरलेल्या नुसत्या उभ्या राहतात. तसेच येथे रेझिन जास्त झाले काय किंवा हार्डनर जास्त झाला काय, उरलेला पदार्थ त्या जाळीत मोकळाच अडकून राहतो आणि वस्तू चिकट किंवा मऊ राहते. ‘लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर थोडा जास्त घाला’ असा सल्ला कोणी दिल्यास ऐकू नये. हार्डनर हे विरजण नव्हे.

या पदार्थाची जन्मकथा मुलांना फार आवडली. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां नावाचे रसायनशास्त्रज्ञ दातांच्या कवळ्यांसाठी नवा पदार्थ शोधत होते. त्या खटपटीतून एपॉक्सीचा मार्ग सापडला. कवळ्या राहिल्या बाजूला, आणि आज विमानाच्या भागांपासून आपल्या घरच्या नळाच्या गळतीपर्यंत सगळीकडे एपॉक्सी आहे.

आता खरेदीविषयी. दुकानात जाऊन ‘एपॉक्सी द्या’ म्हणणे म्हणजे किराणा दुकानात ‘पीठ द्या’ म्हणण्यासारखे आहे. सियागंजात आम्ही नेमके तेच म्हटले, आणि दुकानदाराने समोर होते ते दिले. वास्तविक यात निरनिराळे प्रकार आहेत. अॅरल्डाइटच्या दोन नळ्या आपण सर्वांनी वापरल्या आहेत. ते जोडकामाचे एपॉक्सी. एम-सीलसारखी लांबी मळून वापरतात. तिची भित्तिचित्रे आपल्या मुली सुंदर करतात. या दोन्हींचा ओतकामाशी संबंध नाही. ओतायच्या पारदर्शक रेझिनमध्ये पुन्हा दोन जाती आहेत, आणि सगळी गडबड येथेच होते. एक लेपाचे. ते मधासारखे दाट असते, भरभर घट्ट होते, आणि लाकडी पाटावर, ताटावर किंवा चित्रावर चार-पाच मिलिमीटरचा चकचकीत थर देण्यासाठी असते. दुसरे ओतकामाचे, म्हणजे साच्यात जाड ओतण्यासाठी. ते पातळ असते, सावकाश घट्ट होते. दोन-तीन दिवससुद्धा लागतात. पातळ असल्यामुळे बुडबुडे आपणहून वर येतात, आणि सावकाश घट्ट होत असल्यामुळे तापत नाही. एका वेळी किती जाडीचा थर चालेल हे बाटलीवर लिहिलेले असते. भाव विचारण्याआधी ते वाचावे.

याखेरीज दोन पदार्थ ‘रेझिन’ या नावाखाली मिळतात, ते एपॉक्सी नव्हेत. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असते. फायबरग्लासच्या कामात वापरतात, त्यात उत्प्रेरकाचे अगदी थोडे थेंब घालावे लागतात, आणि त्याचा उग्र वास वर्गात सहन होत नाही. दुसरे दिव्याखाली घट्ट होणारे यूव्ही रेझिन. ते एकाच बाटलीत येते, मिनिटांत काम होते, पण कानातल्या डुलांसारख्या पातळ वस्तूंपुरतेच. फुलाच्या सावलीत प्रकाश पोचत नाही, तेथे ते कच्चे राहते.

आम्हाला मिळाले होते ते लेपाचे. मे २०२३ मध्ये सुट्टी लागल्यावर प्रयोगशाळेत आम्ही चाचणी घेतली. बकुळीला हात लावला नाही एवढी बुद्धी मात्र झाली. मोगऱ्याची ताजी फुले घेतली. इंदूरची मे महिन्यातली दुपार, खोलीत ४० अंशांच्या आसपास उष्णता. प्लॅस्टिकच्या मगात अर्धा लिटर मिश्रण केले, एक साचा भरला, आणि दुसरा भरेपर्यंत मग हाताला चटके देऊ लागला. मग वाकडा झाला, धूर निघाला, मिश्रण पिवळे होऊन त्याला तडे गेले. सहायकांनी चिमट्याने धरून तो बाहेर वाळूवर नेऊन ठेवला. रेणू एकमेकांना धरतात तेव्हा उष्णता बाहेर पडते. पातळ थरातली उष्णता निघून जाते; मगातल्या गोळ्यातली आतच कोंडते आणि त्या उष्णतेने क्रिया आणखी वेगाने होते. ढोबळमानाने दहा अंश तापमान वाढले की वेग दुप्पट होतो. तेव्हा उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे, थोडे थोडे कालवावे, आणि कालवल्यावर मगात न ठेवता लगेच ओतावे. उरलेले मिश्रण पसरट ताटात पसरून टाकावे. धूर निघू लागल्यास त्यावर वाकून पाहू नये.

साच्यातला मोगरा दोन दिवसांत तपकिरी झाला. ताज्या फुलात पाणी असते आणि पाणी एपॉक्सीचे वैरी आहे. घरच्या लग्नातला हार किंवा बाळाच्या बारशाची फुले जपायची असतील, तर सिलिका जेलच्या दाण्यांत ती पूर्णपणे पुरून, घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर तरी ठेवावीत. पाकळी कुरकुरीत लागली पाहिजे. बकुळीची फुले वाळलेलीच होती, तो एक त्रास वाचला.

यानंतर ओतकामाचे रेझिन मागवले, आणि ऑगस्टमध्ये आमच्या हातून जे झाले ते लिहिताना आजही संकोच वाटतो. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘३:१’ होते. सोबतच्या हिंदी माहितीपत्रकात ‘अनुपात ३:१ (भार)’ असे स्पष्ट लिहिले होते. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, बी.एस्सी.ला ‘भार’ वेगळा आणि ‘आयतन’ वेगळे, हे घोकून घोकून पाठ केलेले. पण ते पत्रक बाईंना मराठीतून सांगताना आमच्या तोंडून गेले, “तीन भाग रेझिन, एक भाग हार्डनर.” भाराचा भाग झाला. बाईंनी सरळ मापाचे प्याले काढले. ३०० मिलिलिटर एक, १०० मिलिलिटर दुसरे.

आता हिशेब पाहा. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो. ३०० मिलिलिटर रेझिन सुमारे ३३५ ग्रॅम भरते. वजनाने तीनास एक म्हणजे त्याला जवळजवळ ११२ ग्रॅम हार्डनर हवा. आमचा १०० मिलिलिटर भरला असेल ९६ ग्रॅम. पंधरा-सोळा ग्रॅम कमी. एवढ्याशा फरकाने काय होते, असे वाटेल. दुसऱ्या दिवशी चकत्या चिकट होत्या. पावसाळी हवा आहे, थांबू या म्हटले. आठवडा गेला, महिना गेला. बोट लावले की ठसा उमटतच राहिला. असे दोन वेळचे मिश्रण मिळून १४ चकत्या आणि ७० फुले. फुले आत स्वच्छ दिसत होती, पण बाहेर काढता येणे शक्य नव्हते. नुसता वरचा पापुद्रा चिकट असेल तर योग्य प्रमाणाचा नवा थर देऊन भागते; अंगच मऊ राहिले तर इलाज नाही. त्या १४ चकत्या आजही कपाटात आहेत, त्यांवर धूळ चिकटली आहे. ज्यांनी फुले दिली त्यांना आम्ही हे लगेच कळवले नाही. कळवायला हवे होते.

म्हणून सांगतो, प्रमाण वजनाने आहे की मापाने, हे पाहिल्याशिवाय झाकण उघडू नये. वजनाने असेल तर एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. एकाच भांड्यात आधी रेझिन, मग काटा शून्यावर आणून हार्डनर घालावा. चमच्याने, अंदाजाने, ‘दर वेळी असेच करतो’ म्हणून कधीही नाही.

आणखी एक चूक झाली आणि ती पैशांनी भरून येणारी नाही. हातमोजे आम्ही पहिल्या सामानाबरोबर मागवलेच नव्हते. यादीत होते, ‘पुढच्या खेपेला घेऊ’ म्हणून खोडले. हस्तकलेच्या बाई मे ते ऑगस्ट उघड्या हातांनी काम करीत राहिल्या, आणि बोटांना लागलेले चिकट मिश्रण थिनरने पुसत राहिल्या. सप्टेंबरमध्ये त्यांच्या मनगटांवर खाज आणि लाल पुरळ उठले, मग पापण्या सुजल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितले की ही एपॉक्सीची अॅलर्जी आहे. एकदा शरीराने हा पदार्थ शत्रू म्हणून ओळखला की पुढे थोड्याशा संपर्कानेही त्रास होतो, आणि ती ओळख सहसा पुसली जात नाही. बाईंनी रेझिनचे काम कायमचे सोडले. त्यांनी कधी शब्दाने दोष दिला नाही, हे त्यांचे मोठेपण. पण खोडलेली ती ओळ आमच्या हातची होती.

घट्ट झालेले एपॉक्सी बहुधा निरुपद्रवी असते. कच्चे असते ते नव्हे. वास सौम्य येतो म्हणून माणूस बेसावध राहतो. हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत, पातळ प्लॅस्टिकचे नव्हेत. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. करोनाच्या दिवसांतला मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. फार काम करायचे असेल तर रासायनिक वाफांसाठी असलेला गाळणीचा मास्क लागतो. हाताला लागलेच तर कोरड्या कापडाने पुसून साबणाने धुवावे. थिनर किंवा अॅसिटोन ते कातडीत आणखी आत नेते. घासकाम करायचे तर पूर्ण घट्ट झाल्यावरच, पाण्याखाली पॉलिशपेपरने, म्हणजे भुकटी उडत नाही. मुलांविषयी शाळेचा नियम आता असा आहे की कालवणे, ओतणे आणि घासणे मोठ्यांनीच करायचे. फुले वाळवणे, ती कशी मांडायची हे ठरवणे, हिशेब करणे आणि काट्यावरचे आकडे वहीत टिपणे मुलांकडे. आठवीच्या मुलींनी ती वही अशी ठेवली की आमचीच चूक आम्हाला त्यावरून दाखवता आली.

तिसरा प्रयत्न नोव्हेंबरच्या शेवटी केला. हवा कोरडी, दिवसा २५-२६ अंश. हार्डनरला दमट हवा सोसत नाही, वर पांढुरका तेलकट थर येतो. म्हणून पावसाळा टाळलेला बरा. थंडीत उलटी अडचण येते. डिसेंबरमध्ये एका सकाळी रेझिनची बाटली पाहिली तर आत थिजलेल्या तुपासारखे दाणे. माल खराब निघाला म्हणून परत पाठवणार होतो. पण थंडीने रेझिन असे थिजते. झाकण घट्ट लावून बाटली कोमट पाण्यात ठेवली आणि दाणे विरघळले. कोमट रेझिनमध्ये बुडबुडेही कमी धरतात.

कालवायला चपटी काठी घेतली. चार मिनिटे, सावकाश, फेस न आणता, आणि भांड्याचे काठ व बूड खरवडून. तेवढ्यावर न थांबता ते दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा मिनिटभर कालवले. पहिल्या भांड्याच्या कडेला न मिसळलेले जे राहते ते मागेच राहते. या एका युक्तीने चिकट डागांची तक्रार संपली. साचे सिलिकोनचे, टेबल पाणसळीने सपाट केलेले. बकुळीचे फूल हलके, ते तरंगते. शिवाय त्याच्या पाकळ्यांत हवा दडलेली असते आणि ती तासभर बुडबुडे सोडत राहते. म्हणून आधी प्रत्येक फुलाला ब्रशने रेझिनचा पातळ हात दिला आणि एक दिवस ठेवले. मग साच्यात निम्मा थर ओतला. तो मुरंब्याच्या पाकासारखा दाट झाल्यावर फुले टेकवली, आणि दुसऱ्या दिवशी वरचा थर दिला. वर आलेल्या बुडबुड्यांवरून गरम हवेचा झोत एकदाच फिरवला. धूळ बसू नये म्हणून शिपाईमामांनी घरून पोळ्यांचे डबे आणून प्रत्येक साच्यावर पालथे घातले; एरवी इतके चांगले झाकण कुठे मिळाले असते? साच्यातून काढायला तीन दिवस, आणि पूर्ण ताकद यायला आठवडा धरावा.

पुन्हा बिघडले तर हाताशी फुले असावीत म्हणून प्रत्येकीत तीनच घातली. बिघडले नाही. ४० चकत्या झाल्या.

घरी करू इच्छिणाऱ्यांनी काय करू नये तेही सांगतो. हल्ली रेझिनची पूजेची ताटे फार दिसतात. दिसायला देखणी, पण त्यावर पेटते निरांजन ठेवू नये, हे शेवटी जळणारेच द्रव्य आहे. बहुतेक हस्तकलेचे रेझिन ५०-६० अंशांना मऊ पडू लागते; चहाचा गरम कप ठेवला तर वर्तुळ उमटते. पोळपाट, जेवणाचे ताट, पाण्याचा पेला यांसाठी वापरू नये. रंग घालायचा तर अभ्रकाची पूड किंवा रेझिनसाठीचा रंग, तोही चिमूटभर. पाण्यातले पोस्टर रंग घातले की घट्ट होण्यात विघ्न येते. आणि वस्तू उन्हात ठेवू नये; ‘कधीच पिवळे पडत नाही’ असे बाटलीवर लिहिलेले असले तरी ऊन लागेल तसे एपॉक्सी हळूहळू पिवळे पडतेच. उरलेले मिश्रण मोरीत ओतू नका, घट्ट होऊ द्या आणि मग टाका. रिकाम्या बाटल्या कचऱ्याच्या गाडीत घातक कचऱ्याच्या डब्यात. आपल्या शहराला तेवढी सवय आता आहे.

संमेलनाच्या आदल्या आठवड्यात पहिली चकती घेऊन आम्ही त्या शिक्षिकांच्या घरी गेलो. बिघडलेल्या १४ चकत्यांची हकीकतही सांगून टाकली. त्यांनी ती शांतपणे ऐकली. चकती हातात घेऊन उजेडाकडे धरली, फिरवून पाहिली, “छान झाली आहे” म्हणाल्या. मग सवयीने नाकाशी नेली. थोडा वेळ तशीच धरून ठेवली आणि म्हणाल्या, “वास कोंडला हो तुम्ही.”

वर्षभर आम्ही बुडबुड्यांचा, प्रमाणाचा, पिवळेपणाचा विचार केला होता. बकुळ सुकली तरी तिचा वास जात नाही, त्यासाठीच बायका ती डब्यात ठेवतात, हे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचले नव्हते. आम्ही गप्प बसलेले पाहून त्यांनीच विचारले, डब्यात किती उरली? १२२, आम्ही म्हणालो. त्या उठून आत गेल्या आणि मलमलीचे जुने धुवट पातळ घेऊन आल्या. त्याचे चौकोन करून त्यांनी प्रत्येकात दोन फुले घातली. अशा ४० पुरचुंड्या दुपारपर्यंत झाल्या. आम्ही नेलेल्या पिशवीत फेव्हिकॉलची बाटली होती, ती चकतीला पुरचुंडी चिकटवायला काढली, तर त्यांनी ती बाजूला सारली.

“आता आणखी काही चिकटवू नका,” त्या म्हणाल्या, “दोऱ्याने बांधा.”